डाव्या बैलाचा कान

पुलगावच्या कचेरीतून सुटलो की सायकल ढकलण्यापुरताच जीव अंगात उरायचा. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. जुनी कागदं हिंदीत, नवे नमुने मराठीत, आणि दोन्ही आमच्याच टेबलावर. दिवसभर तेच ते उतरवून काढायचं. संध्याकाळी नाचणगावच्या रस्त्याला लागलो की डोळे मिटायला बघायचे. सायकलही माझ्यासारखीच. घंटी सोडून तिचं सगळं वाजायचं, असं गावातले लोक म्हणत. ते हसत, मला हसायचाही कंटाळा यायचा.

त्याच रस्त्यावर आमचं वावर, म्हणजे शेत होतं. बाबा रोज दिवस मावळायच्या आत बैलबंडी जुंपून घरी निघत. त्यांना कमी ऐकू येतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त त्यांनी ते कधी कबूल केलं नव्हतं. "तुमी तोंडातल्या तोंडात बोलता," असं उलट आम्हालाच ऐकवायचे.

एका संध्याकाळी मागून ट्रक आला. ड्रायव्हरनं किती भोंगा वाजवला, बाबांनी बंडी रस्त्यातून हलवली नाही. शेवटी ट्रक बाजूच्या नालीत उतरला. माणसं वाचली, पण ड्रायव्हर आमच्या अंगणात येऊन मायला वाट्टेल ते बोलून गेला. तो गेल्यावर माय म्हणाली, "उद्यापासून बंडी गडी हाकीन. तुमी घरी बसा."

बाबा भांडले नाहीत. ओसरीवर बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "बंडी गेली तं मी का करू? गाठोड्यासारका कोपऱ्यात बसू?" हा माणूस पहाटे उठून बैलांशी जितकं बोलायचा तितकं आमच्याशी वर्षात बोलत नसे. त्याच्या हातून कासरा काढून घेतला तर उरणार काय?

माय कठोर नव्हती, पण तिला धसका बसला होता. तिनं तोड काढली. मला म्हणाली, "तू त्याच टायमाले येतं न? मांगून घंटी वाजवून पाय. त्याइनं बंडी बाजूले घेतली तं जाऊ दे. नाई घेतली तं मंग मले कोनी काई सांगजो नोका." बाबांनी मान डोलावली. आता सगळं माझ्या घंटीवर येऊन अडलं, आणि माझ्या सायकलला धड घंटीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर दुकानात गेलो. सायकलवाल्यानं तीन-चार घंट्या काढून फळीवर मांडल्या. एक बारीक आवाजाची, एक जाड, एक दुहेरी वाट्यांची, दाबली की नुसती टर्रर्र करणारी. मी थकलेला माणूस, मला निवडायची उमेद नव्हती. सगळ्यांत मोठ्यानं वाजते ती दे म्हटलं. "कोनाले आयकवाची हाय?" त्यानं विचारलं. "बापाले," मी म्हणालो. त्यानं दुहेरीच हातात दिली. म्हणायला ती परीक्षा होती, पण मला परीक्षा घ्यायचीच नव्हती. बाबा पास झाले पाहिजेत, एवढंच डोक्यात होतं.

बंडीच्या बऱ्याच मागून टर्रर्र केलं. क्षणभर काही झालं नाही. मग बाबांनी कासरा ओढला आणि बंडी सरळ डाव्या बाजूला घेतली. मला सांगता येणार नाही इतकं हलकं वाटलं. घरी येऊन मायला सांगितलं, "आयकू येते त्याइले." त्या दिवशी तिनं बाबांच्या ताटात वरणावर तूप जरा जास्तच वाढलं. पुढंही रोज तेच. मी वाजवली की बंडी बाजूला. मी निर्धास्त झालो.

बैलांना नाल ठोकायला पुलगावला सोडलं होतं, त्या दिवशी बाबा पायीच निघाले होते. दोन्ही हात पाठीशी बांधून रस्त्याच्या मधोमध चालत होते. मी लांबून घंटी वाजवली. हलले नाहीत. जवळ येऊन वाजवली. अगदी पाठीशी येऊन वाजवत राहिलो, तरी त्यांची चाल तीच. मी सायकलवरून उतरलो आणि तसाच मागं मागं चालत गेलो. पुढं जाऊन त्यांना थांबवायचं धाडस होईना. मला रडूच यायचं बाकी होतं.

गावाजवळ आल्यावर त्यांना माझी सावली दिसली. वळून बघितलं. माझं तोंड बघूनच त्यांना कळलं असावं.

"तुमाले घंटी आयकू येत नाई, बाबा," मी जवळजवळ ओरडूनच म्हणालो.

"नाई येत," ते शांतपणे म्हणाले. "मी कवा म्हनलो येते म्हून? तुह्या मायनं बाजूले घ्याले सांगतली, मी घेतो."

"कशी घेता मंग?"

"डाव्याचा कान मांगं गेला का मले समजते. कोनी येऊन राह्यलं. सायकल असन तं कान जराकसा फिरते, ट्रक असन तं दोनी कान चिपकवते." मग जरा थांबून म्हणाले, "त्या ट्रकच्या दिवशी त्याच्या कानाले गोचीड होती. दिसभर कान झटकून राह्यला होता. मले का समजीन?"

मायला सांगावं तर बंडी गेली. न सांगावं तर रस्त्यावर ट्रक रोजचेच. भांडायला अंगात त्राण नव्हतं, आणि खरं म्हणजे मनही नव्हतं. बाबाच पुढं म्हणाले, "पन ते तुही घंटी किरकिरी हाय. डावा दचकते, अन् जू वढते. दुसरी घे."

बाजाराच्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकून बाबांबरोबर बंडीत बसून पुलगावला गेलो. बंडी सायकलच्या दुकानासमोर उभी केली. सायकलवाल्याला वाटलं, घंटी बिघडली. मी म्हटलं, बिघडली नाही, बैलाला आवडली नाही. तो हसला, मग बाबांचा चेहरा बघून हसायचा थांबला. एकेक घंटी काढून रस्त्यावर येऊन वाजवायला लागला. बाबा बंडी हाकणाऱ्या धुरकऱ्याच्या जागी बसून डाव्याच्या कानाकडे बघत. बारीक घंटीला कान हललाच नाही. रबरी भोंग्याला बैलानं असा झटका दिला की शेजारच्या भाजीवालीची टोपली लवंडली. टमाटे वेचता वेचता तिनं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी जाड वाटीची एक घंटी. टण्ण करून वाजली, आणि डाव्याचा कान सावकाश मागं आला, मग पुन्हा पुढं गेला. "हेच," बाबा म्हणाले. सायकलवाला म्हणाला, "आजवर मानसाइनं घंटी पसंत केली, बैलानं पहिल्यांदाच."

ते वर्ष बरं गेलं. रोज संध्याकाळी मी लांबून टण्ण करायचो, कान मागं यायचा, बंडी बाजूला व्हायची. मी शेजारून जाताना बाबा माझ्याकडे बघायचेही नाहीत. मायला मी काही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात डावा बैल बसला तो उठला नाही. म्हाताराच होता तो. बाबा त्याच्या डोक्याशी बसून राहिले, कुणी बोलावलं तरी येईनात. त्याच्या जागी आणलेला गोऱ्हा तरणा, अंगानं देखणा, पण त्याचे कान एका जागी म्हणून ठरेनात. पाखरू उडालं की मागं, पान हललं की मागं. बाबा सुरुवातीला दरवेळी बंडी बाजूला घेत. मोकळ्या रस्त्यावर दहा ठिकाणी थांबत घरी येत. मग त्यांनी त्या कानांवरचा विश्वासच सोडला.

एकदा मी मागून घंटी वाजवत होतो, बंडी मधोमध चालली होती, आणि माझ्या मागं एक ट्रक भोंगा देत होता. मी सायकल कडेच्या मुरमातून दामटून पुढं घातली आणि बंडीपुढं आडवा उभा राहिलो. बाबांनी बैल आवरले. माझ्याकडे बघितलं, मग वळून मागं. ट्रकवाला खाली उतरून हातवारे करत होता. त्याचं तोंड हलताना त्यांना दिसत होतं, तेवढंच.

ते खाली उतरले. कासरा माझ्या हातात दिला. "घे," म्हणाले.

त्या दिवसापासून सकाळी गडी बंडी नेई आणि संध्याकाळी मी. कचेरीतून थकून वावरात यायचं, सायकल बंडीत टाकायची आणि हाकत घरी न्यायचं. बाबा मागं, आलो त्या रस्त्याकडे तोंड करून बसत. ट्रक बराच लांब असला तरी मला त्याची घरघर केव्हाच ऐकू आलेली असे. पण मी कासऱ्याला हात लावत नसे. मागून बाबा म्हणत, "येऊन राह्यला. घे बाजूले." मग मी घ्यायचो.