यार्देनचा चहा

काकांबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे जिवाशी खेळ होता. बोलता बोलता ते एकदम थांबत, तुमचं कोपर धरत आणि म्हणत, "थांबा. हे बघितलंत?" तुम्ही त्या वेळी रस्त्याच्या मधोमध असलात तरी त्यांना फरक पडत नसे. एकदा येरवड्यात तुरुंगाच्या बाजूच्या रस्त्यावर त्यांनी मला असं धरलं, तेव्हा सिग्नल नुकताच सुटला होता. बघायचं काय, तर तुरुंगाच्या भिंतीतून बाहेर आलेलं पिंपळाचं रोप. "जन्मठेप होती, तरी सुटलं बघा," काका कौतुकाने म्हणाले. मागचा रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, घरी बसून फोटो बघा की." काकांनी त्यालाही रोप दाखवलं. त्यानेही बघितलं, हे विशेष.

शनिवार पेठ सोडून येरवड्याला राहायला जातोय असं मी आत्याला सांगितलं, तेव्हा तिने शांतपणे विचारलं होतं, "किती वर्षांसाठी?" त्या नव्या घरी पहिली ओळख झाली ती समोरच्या फ्लॅटमधल्या या काका-काकूंशी. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. पहिल्याच नाताळात काकू करंज्यांची ताटली घेऊन आल्या. मागोमाग काकाही. आपण किती जाणकार आहोत हे दाखवायची मला भारी हौस. मी विचारलं, "तुमच्यात करंजी कशी काय चालते?"

"तोंडाने," काका म्हणाले. "तुमच्यात?"

जेवणाआधीची त्यांची प्रार्थना आमच्या मजल्यावर प्रसिद्ध होती. आभार मानताना अन्नाबरोबर आदल्या दिवशी पाहिलेलं सगळं त्यात येई: दुधाच्या टेम्पोवर झोपलेली मांजर, इस्त्रीवाल्याने फुंकर घातल्यावर उडालेल्या ठिणग्या, शेजारच्या गच्चीवरची एकच लाल साडी. काकू एक डोळा उघडून आमटीकडे बघत आणि हळूच म्हणत, "आमेन म्हणा आता, गार होतंय." काकांचं उत्तर ठरलेलं असे. "देवाने एवढं केलं, निदान बघितलं म्हणून सांगायला नको?"

यार्देन नदी बघायची इच्छा मात्र काकूंची. आपण जॉर्डन म्हणतो ती नदी त्यांच्या मराठी बायबलात यार्देन आहे. प्रभू येशूचा बाप्तिस्मा तिथे झाला. आपल्या पहिल्या नातवंडाच्या कपाळावर तेच पाणी पडावं, एवढं एकच मागणं काकूंनी आयुष्यात केलं असेल. दोनदा दोघांचं जायचं ठरलं. एकदा काकूंचे गुडघे आडवे आले, एकदा करोना. मग काकूच देवाघरी गेल्या. त्यानंतर मुलीला मुलगी झाली, आणि काका चर्चच्या मंडळींबरोबर एकटेच पवित्र भूमीच्या सहलीला निघाले. जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली. बाल्कनीतल्या झाडांना एकाआड एक दिवस पाणी घालायचं, आणि ते गुरुवारी परतणार म्हणून बुधवारी रात्री पिंप भरून ठेवायचं, एवढी दोनच कामं मला होती.

पुणेकरांना गुरुवारचं वेगळं सांगायला नको. महापालिकेने दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं की तो हमखास गुरुवार असतो. झाडांची आठवण मला पहिले चार दिवस राहिली. पिंपाची तर राहिलीच नाही.

गुरुवारी सकाळी काका आले, पिशवी घेऊन आधी स्वयंपाकघरात जाऊन आले, माझ्या हातावर खजुराचं पाकीट ठेवलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटले. एवढा लांबून आलेला माणूस, निदान चहा तरी आयता मिळावा, म्हणून मी त्यांच्याच स्वयंपाकघरात शिरलो. नळ कोरडा. पिंप कोरडं. तेवढ्यात ओट्यावर एक मोठी बाटली दिसली. लेबलवर अगम्य अक्षरं. विमानतळावर घेतलेलं परदेशी पाणी असणार, असं मी ठरवलं. अर्ध्याचा चहा टाकला. मग बाल्कनीत डोकावलो, तर मोगऱ्याने माना टाकलेल्या. काका उठायच्या आत त्याच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी यावी म्हणून उरलेली बाटली त्याच्या कुंडीत ओतली. एका बाटलीत दोन्ही कामं उरकली म्हणून मी स्वतःवर खूषही झालो.

काका उठले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "आज चव निराळीच आहे." मी नम्रपणे आल्याला श्रेय दिलं.

इतक्यात त्यांची मुलगी बाळाला घेऊन आली. रविवारी बाप्तिस्मा होता. आल्या आल्या तिने विचारलं, "पप्पा, यार्देनचं पाणी कुठे ठेवलंत?"

"ओट्यावर. बाटलीत."

मी हातातल्या कपात बघितलं. दोन घोट उरले होते. मग जे झालं ते मी सांगितलं. असं काही सांगायला आपल्या भाषेत बरे शब्दच नाहीत. "त्या बाटलीतलं का?" असं मी तीनदा विचारलं, जणू तिसऱ्यांदा उत्तर बदलेल.

मुलीचा चेहरा उतरला. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "दादा, आईचं तेवढंच मागणं होतं हो." आणि बाळाचं टोपडं नीट करायच्या निमित्ताने तिने मान खाली घातली.

काकांनी कप खाली ठेवला. "सगळ्याचा चहा केलात?"

"नाही. अर्धं मोगऱ्याला घातलं."

ते उठून बाल्कनीत गेले. मोगऱ्याच्या कुंडीपाशी पाठमोरे उभे राहिले. मी मागे जाऊन उभा राहिलो, कारण दुसरं कुठे उभं राहावं ते सुचेना. त्यांनी न वळताच माझं कोपर धरलं.

"थांबा. हे बघितलंत?"

मला ओली माती आणि मरगळलेली पानं दिसत होती.

"हा मोगरा तिने लावलेला," काका म्हणाले. "तिला यार्देनला नेता आलं नाही. तुम्ही यार्देन तिच्याकडे आणलीत."

मग आत येऊन त्यांनी मुलीच्या शेजारी बसकण मारली. ते म्हणाले की त्यांनी ती नदी नीट बघितली होती. अरुंद, हिरवट, आपल्या कालव्यासारखी. काठावर एक बाई पोराचा चिखलाचा बूट धूत होती. सगळे बाटल्या भरत होते आणि काका त्या बुटाकडे बघत होते. "प्रभू तिच्यात का उतरला? त्याच्या गावची होती म्हणून. आपल्या गावचं पाणी खडकवासल्याहून येतं. ते घेऊ."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला होता. यांनी चहा केला. यांच्या मानाने बराच आहे."

ती रडता रडता हसली. मग डोळे पुसून तिने माझा कप उचलला आणि ते दोन घोट बोटाने बाळाच्या कपाळाला लावू का, असं वडिलांना विचारलं. काका म्हणाले, "साखर आहे त्यात. मुंग्या येतील."

बाटली भरून आणायचं काम शिक्षा म्हणून मला मिळालं. बंदच्या दुसऱ्या दिवशी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येतं. शुक्रवारी दुपारी सुतासारख्या धारेखाली ती बाटली धरून मी उभा होतो. बायको म्हणाली, पिंप भरताना एवढी भक्ती दाखवली असतीस तर ही वेळ आली नसती.

रविवारी ती बाटली मी चर्चमध्ये दोन्ही हातांनी नेली. ती कलंडणार नाही याकडे माझं इतकं लक्ष होतं की प्रार्थना मध्यावर असतानाच मी मोठ्याने आमेन म्हणालो. पाळकांनी डोळे उघडले, मिटले, पुढे चालू ठेवलं. बाळाच्या कपाळावर खडकवासला पडला, ती शिंकली, आणि सगळं चर्च शांत असताना माझं कोपर धरलं गेलं. "बघितलंत?" तिच्या पापणीवर एक थेंब अडकला होता आणि खिडकीतला सगळा उजेड त्यात मावला होता. काकांच्या पलीकडे मुलगी बाळाला घेऊन उभी होती. तिनेही तो बघितला. मग खूप वेळ तिने तो पुसला नाही.

काका गेल्याला आता दोन पावसाळे झाले. मोगरा माझ्या बाल्कनीत आहे. मुलीने तो मला दिला, तेव्हा माझ्या बायकोला बाजूला घेऊन बरंच काही समजावून सांगितलं.

परवा गुरुवारी पाणी बंद होतं. कोपऱ्यावर टँकर उभा होता, गळका. त्या धारेखाली तीन साळुंक्या रांगेत उभ्या राहिल्यासारख्या अंघोळ करत होत्या, एकीची झाली की दुसरी. मी शेजारून चाललेल्या गृहस्थांचं कोपर कधी धरलं ते मलाही कळलं नाही. "थांबा. हे बघितलंत?"

"आम्हाला काही घ्यायचं नाही," ते म्हणाले आणि हात सोडवून निघून गेले. चार पावलं गेल्यावर मात्र थांबले आणि वळून टँकरकडे बघायला लागले.