पास्क्वालेची पाटी

ब्रुकलिनच्या धक्क्यावरचा रेल्वेच्या वाघिणींचा पूल बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती आणि आता त्याला रंग फासून तिथं बाग करायची टूम निघाली होती. आयनार त्वेइत त्या पुलावर एकतीस वर्षं राबलेला. मालाच्या वाघिणी पुलावरून तराफ्यावर चढायच्या आणि बंदर ओलांडून न्यू जर्सीला जायच्या. रंगाचं त्याला काही नव्हतं. पण कुंपणावरची नवी पाटी वाचली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘१९५६ साली ब्रेकवाला पास्क्वाले रिझुटो याच्या चुकीने तराफा कलंडला. त्यात त्याचाही अंत झाला.’

आधी तराफ्यावरचा मधला रूळ भरायचा, मग डावा-उजवा निम्मा निम्मा, हे धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पास्क्वालेला नसेल? त्या दिवशी मुकादमाला घाई झाली होती. ‘डावा पुरता भरा’ म्हणून तोच ओरडला. पास्क्वाले नको नको म्हणत राहिला. तराफा कलंडला, नऊ वाघिणी पाण्यात गेल्या आणि त्यांच्याखाली तो.

आयनार तरातरा बागेच्या कचेरीत शिरला. टेबलामागे डेनिस नावाची बाई होती.

“कोणी लिहिलं हे? आयुष्यात एक तरी वाघीण चढवलीयस का, बाई?”

“काका, आधी बसा.”

“बसायला नाही आलो. मेलेला माणूस बोलत नाही म्हणून वाट्टेल ते खपवता? त्याची बायको मरेपर्यंत चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली, तोंड लपवून.”

“मनाचं नाही लिहिलं, काका. चौकशीत एकाच साक्षीदाराचा जबाब आहे. हा बघा.”

तिनं पिवळा पडलेला कागद पुढे सरकवला. आयनारनं चष्मा काढलाच नाही खिशातून. खालची सही त्याला लांबूनही ओळखू आली. तेव्हा मुकादमानं कागद पुढे केला होता, घरात तान्हं मूल होतं, नोकरी टिकवायची होती. न वाचताच सही केली, असं तो बायकोला सांगत आला होता. वाचला होता त्यानं. दोनदा.

“हा आयनार त्वेइत आहे का हो अजून? ओळखता तुम्ही?” डेनिसनं विचारलं.

“आहे, हरामखोर. समोर उभा आहे तुझ्या. घे लिहून.”

तिनं पेन उचललं.

“पास्क्वाले नको म्हणत होता, हे आधी. आणि आयनार त्वेइत खोटं बोलला, हे मोठ्या अक्षरांत.”