साडेचौदाचा पाढा

लॉन्ड्रीत त्यांना सगळे वहिनी म्हणतात, कारण त्यांचा नवरा तिथलाच फिटर, म्हणजे सगळ्यांचा दादा. पण बॉयलर चालतो तो वहिनींच्या हुकमावर. दादाचं तिथे काही चालत नाही, घरीही फारसं नाही.

बॉयलर जुना. दाब शंभर पौंडांवर न्यायचा नाही, असं त्याच्या पोटावरच्या पत्र्यावरच ठोकलेलं. मागे जुना गेज बंद पडला आणि नवा आला तो बारमध्ये दाब दाखवणारा. दुसरी एखादी कपाळाला हात लावून बसली असती. वहिनींनी दुकानदाराला विचारलं, एका बारचे पौंड किती? साडेचौदा, तो म्हणाला. झालं, बाईंनी साडेचौदाचा पाढाच पाठ केला! भट्टीत कोळसा सारताना तोंडाने चालूच, "साडेचौदा एके साडेचौदा, साडेचौदा दुणे एकोणतीस..." काटा सहावर आला की "सत्त्याऐंशी" म्हणून हात आखडता घ्यायच्या. इस्त्रीवाल्या बायका हसायच्या. हसण्यात दादा सगळ्यांच्या पुढे.

एका सुट्टीच्या दिवशी दादाने सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला. दाब हद्दीबाहेर गेला की आपोआप उघडून वाफ सोडून देणारा हा व्हॉल्व्ह. नव्यावर आकडा होता दहा बार. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी तो वाचला, त्यांचे ओठ हलले आणि त्यांनी भट्टी पेटवलीच नाही.

"अहो, हा शंभर पौंडांचा नाही."

"अगं, शंभरातलं एक शून्य काढलं की झाले दहा बार. आता माझं काम तू मला शिकवणार?"

चार माणसांत बायकोने अडवलं, म्हणून दादाचं नाक लाल झालं होतं. तेवढ्यात मालक आले. इस्पितळाच्या चादरी पडलेल्या आणि बॉयलर थंड! "कोणी थांबवलं?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "व्हॉल्व्हची मला खात्री वाटत नाही."

तो कोणी बसवला, ते त्या बोलल्याच नाहीत. मालकांनी त्यांच्यावरच तोंडसुख घेतलं.

मागे उभा असलेला दादा बोटांवर पाढा मोजू लागला. टिंगल करता करता तो त्यालाही पाठ झाला होता. साते एकशे एक आणि अर्धा. दाहे एकशे पंचेचाळीस. शंभराचा बॉयलर, आणि त्याचा व्हॉल्व्ह एकशे पंचेचाळीसपर्यंत उघडणारच नव्हता. आणि त्या बॉयलरसमोर दिवसभर उभं कोण असतं?

"साहेब, तिला बोलू नका," तो पुढे झाला. "व्हॉल्व्ह मी आणलाय. चुकीचा आणलाय."

मालक धुसफुसले. योग्य व्हॉल्व्ह येऊन बसेपर्यंत दुपार झाली. वहिनींनी दादाच्या हातात पाना दिला, टोमणा एकही नाही. अशी बायको नशिबाने मिळते, हे दादाला त्या दिवशी कळलं. बाकी लॉन्ड्रीला ते आधीच ठाऊक होतं.

अजूनही सामान आणायला निघाला की तो दारातूनच हाक मारतो, "अगं, सात बार म्हणजे किती पौंड?"

येतं त्याला. पण तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही.