हात की गाडी

समुद्रपूरपासून जामपर्यंत बाबांची जीप शहाण्यासारखी चालायची. जामच्या फाट्यावरून हिंगणघाटच्या हायवेला लागली आणि काटा साठच्या पुढे गेला, की तिच्या अंगात यायचं. डावीकडे ओढायची, सावरली की उजवीकडे. समोरून ट्रक आला की मागच्या बाया डोळे मिटून घ्यायच्या.

ही ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. बाबा रोज सवाऱ्या न्यायचे. ड्रायव्हरशेजारची जागा जामला चढणाऱ्या एका मास्तरांची होती, तिथे दुसरं कोणी बसत नसे. एक दिवस मास्तर अर्ध्या वाटेत उतरले आणि एसटीची वाट पाहत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी फाट्यावर चारचौघांत म्हणाले, "गाडीले काई नाई झालं. भाऊचा हात गेला आता."

बाबा भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. तीस वर्षं स्टेअरिंग धरलेला माणूस! पण सकाळी पाहते तर ते अंगणात चहाने काठोकाठ भरलेला कप हात लांब करून धरून उभे. सांडतो का ते बघत होते. मला पाहिल्यावर घाईने पिऊन टाकला. जीभ भाजली असणार. आई म्हणाली, "पुरे झालं आता, विकून टाका." गाडी सोडली असती तर हा माणूस वर्षभरात संपला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची, बीए होऊन घरी बसलेली आणि जात्याच भांडखोर. मनाशी म्हटलं, हात की गाडी, याचा निकाल लावल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

गाडी मला बाबांनीच शिकवली होती आणि लायसनही होतं, पण हायवेवर मी कधी गेले नव्हते. "बाबा, तुम्ही बाजूले बसा," म्हटलं आणि रिकामी जीप काढली. फाट्यावरचे लोक उठून उभे राहिले. पोरीच्या हातात गाडी म्हणजे त्यांना फुकटचा तमाशाच. साठला काटा गेला आणि जीपने मला अशी ओढली की मनगटं दुखली. समोरून ट्रक हॉर्न देत येत होता आणि मी हसत होते.

"पाह्यलं न बाबा? माह्याही हातात तेच करते."

"तू नवशिकी हायस," ते म्हणाले. स्वतःवरचा आरोप ते इतक्या सहज सोडायला तयार नव्हते.

हिंगणघाटच्या मेकॅनिकने स्टेअरिंगचा डबा आवळून दिला. गाडी आणखी बिघडली. चाकांत हवा मोजली, सुतळी धरून पुढच्या दोन्ही चाकांमधलं अंतर पुढून-मागून मापलं. सगळं जिथल्या तिथे. मेकॅनिक मला पाहिलं की चहाला जाऊ लागला. शेवटी त्याच्याकडून तो डबा पुन्हा ढिला करून घेतला आणि आठ दिवस मी फक्त बाबांचे हात बघत बसले. तेव्हा ध्यानात आलं की वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येतच नाही. ते दर वेळी ओढून आणावं लागतं. पूर्वी असं नव्हतं.

"पूर्वी म्हणजे कधीपर्यंत?" मी विचारलं.

बाबांनी आठवलं. दिवाळीपर्यंत. आणि दिवाळीत त्यांनी पुढच्या स्प्रिंगचे पाटे घरीच बदलले होते.

जामच्या एका ढाब्यामागे ट्रकची कामं करणारा म्हातारा मिस्त्री होता. जीप त्याच्याकडे नेली. बाबा ढाब्यावर थांबले, मी गाडीजवळ. तो खाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "ताई, हे पाचर कोनं ठोकली? उलटी हाय न!"

एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडाची चपटी पाचर असते. या जीपला तिची जाड बाजू पुढे हवी. तेव्हाच एक्सल जरासा मागे रेलतो आणि चाकं स्वतःहून सरळ येतात. आमच्या गाडीत दोन्ही पाचरींची जाड बाजू मागे होती. आजोबा बैलगाड्या करणारे सुतार. पाचर मागून ठोकावी, म्हणजे चालताना निसटत नाही, हे त्यांनी बाबांना लहानपणीच शिकवलेलं. पाटे बदलताना बाबांनी बापाची शिकवण इमानेइतबारे जीपला लावली होती.

मी वकिली करायला निघाले होते आणि गुन्हेगार माझाच अशील निघाला. ढाब्यापर्यंत चालताना मी खोटं जुळवत होते, पाटे विकणाऱ्याने चूक केली वगैरे. पण त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर खरंच सांगितलं. ते उठले, गाडीकडे गेले, मिस्त्रीच्या हातातला पाना घेतला आणि दोन्ही पाचरी स्वतःच फिरवल्या.

हायवेवर बाबांनी सत्तरचा वेग गाठला आणि स्टेअरिंगवरचे दोन्ही हात क्षणभर उचलले. जीप सुतासारखी सरळ गेली. मी ओरडले, अर्धी भीतीने, अर्धी आनंदाने.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मास्तरांनी विचारलं, "काय निंगालं मंग गाडीत?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "पाचर मीच उलटी ठोकली होती."

लोक हसले. मास्तर सगळ्यात जोरात. "म्हंजे हात नाई, डोक्सं गेलं होतं भाऊ!"

"हो," बाबा म्हणाले. "हात सीधेच हायेत. बसता का?"

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या जागेवर बसले होते. मी मागे जाऊन बसले, आणि ते पुढे चढले.