गजभिये काकांचा घाट

आमच्या शेजारचे गजभिये काका सकाळी सायकल काढली की आधी घंटी वाजवायचे, मग काकूंना हाक मारायचे आणि त्या आल्या नाहीत की पुन्हा घंटी. सगळी गल्ली जागी व्हायची, काकू तेवढ्या हटकून न्हाणीघरात असायच्या. शेवटी पदराला हात पुसत, कुरकुरत यायच्या आणि मागच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसायच्या. दोघंही साठीच्या पुढचे! "चिखलदऱ्याची प्रॅक्टिस करून राहिलो वं," काका मला सांगायचे, जसं काही मी विचारलंच होतं.

ही सायकल त्यांना लग्नात भिवापूरच्या सासऱ्यांनी दिलेली. त्या खुशीत काकांनी भर मांडवात जाहीर करून टाकलं होतं, "याच सायकलवर बसवून हिले चिखलदऱ्याचा घाट चढवतो!" पुढे नोकरी, पोरं, पोरांच्या शाळा, घाट राहिला तो राहिलाच. काकू मात्र विसरल्या नाहीत. काकांनी वरणात मीठ कमी आहे म्हणायचा अवकाश, "बाप्पा! घाट चढवणारे मले सैपाक शिकवून राहिले!" निवृत्त झाल्यावर काकांनी मनावर घेतलं. एकदा तरी शब्द पुरा करायचा, नाहीतर ही बाई मेल्यावरही ऐकवेल, असं त्यांचं म्हणणं.

आता नागपुरात घाट आणायचा कुठून? गाव सगळं पोळपाटासारखं सपाट. काकांनी वस्तीजवळचा उड्डाणपूल धरला. "घाट म्हणजे काय वं, उभा केलेला रस्ताच तर हाय," असं म्हणत ते उन्हं चढायच्या आत पुलाच्या फेऱ्या मारत आणि परतताना तर्री-पोह्याच्या दोन प्लेटी हाणत. दुसरी प्लेट ताकद भरून काढायला.

काकूंना साखरेचा त्रास. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, नाहीतर पायांवर येईल असं बजावलंही होतं. मी किती वेळा सोबत चला म्हटलं. पण त्यांचं एकच, "रिकाम्या हातानं रस्त्यानं हिंडाले मी काय रिकामटेकडी हाय?" काका समजावून थकले होते.

एकदा सकाळी फिरायला गेलेली मी पुलाच्या माथ्यावर उभी होते. पाहते तर काय, चढ सुरू झाला आणि काकू अलगद कॅरिअरवरून उतरल्या, दोन्ही हातांनी सायकल धरून मागून ढकलत चालू लागल्या. काका मान खाली घालून पायडल मारताहेत, घामाघूम! माथ्यावर काका दम खायला थांबले तशा काकू पुन्हा बसल्या. "पाह्यलं? डबलसीट चढवली!" काकांनी मला मिशीवरून हात फिरवत ऐकवलं. मागून काकू मला ओठांवर बोट ठेवून खुणावत होत्या. मला हसू आवरेना. पण घरी येताना मनात आलं, घाटात बिंग फुटलं तर म्हाताऱ्याचं काय होईल?

त्या हिवाळ्यात आम्ही सायकल गाडीच्या टपावर बांधून निघालो. घाटाच्या पायथ्यापासून काका-काकू सायकलवर, आमचे हे गाडी घेऊन मागे, मी ह्यांच्या शेजारी. पहिल्या वळणालाच काकू उतरल्या, सपाटी आली की बसत, चढ आला की उतरत. ह्यांनी "काकू, गाडीत बसा" म्हटलं तर काकूंनी असं पाहिलं की ह्यांनी निमूट काच वर केली. दुपार कलली तेव्हा वर पोचलो. घाट बहुतेक सगळा काकू चालल्या होत्या.

"चढवलं का नाई तुले?" काकांनी साऱ्या चिखलदऱ्याला ऐकू जाईल असं विचारलं.

"चढवलं बापा," काकू दगडावर बसत म्हणाल्या. समोरची दरी पाहता पाहता त्यांचे डोळे भरून आले. भांडणात कधी रडली नाही ती बाई.

चहाच्या टपरीवर मला राहवलं नाही. "काका, मधेमधे सायकल हलकी नाही का वाटली?"

काकांनी दूर बसलेल्या काकूंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जिंदगीभर तिले मागं बसवलं वं. ती उतरली का बसली, मले समजणार नाई? फिराले चल म्हटलं असतं त आली असती का? तिले सांगू नको."

मी दोघांचंही गुपित पोटात ठेवलं.

मागच्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मला त्यांची फार सवय झाली होती; सकाळी त्या घंटीशिवाय उठवत नसे. मग एक दिवस घंटी वाजली. धावत बाहेर आले तर काकू सायकल हातात धरून फाटकाबाहेर उभ्या.

"काकू, तुम्हाला चालवता येत नाही. ही कशाला सोबत?"

"मग रिकाम्या हातानं हिंडू का वं?" त्या फणकारल्या आणि पुलाकडे निघाल्या. मीही चपला घालून मागे गेले. चढ लागला तसा त्यांचा एक हात हँडलवरून सुटून मागे कॅरिअरवर गेला.