रापणीचा वाटा
अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारात बांगड्याचा वास आला की मला तळकोकणातला तो किनारा आठवतो. पाठदुखीने बेजार झाले म्हणून मुलीने मला तिथल्या निसर्गोपचार केंद्रात धाडलं होतं. प्लास्टिकची पिशवीसुद्धा दिसायची नाही आणि कामाला सगळी गावचीच माणसं. एका सकाळी वाळूत आसनं चालू असताना हाक आली, तशा आमच्या योगाच्या बाई चटई टाकून पळाल्या. रापण, म्हणजे ते लांबलचक जाळं, किनाऱ्याला ओढायचं होतं. केंद्राचे मालकही दोरीला लागले. मी पाठ सांभाळत शेवटी जेमतेम दोन मिनिटं दोर धरला. मासळी आली टोपलीभरच. एका म्हातारीने सगळ्यांचे सारखे वाटे घातले आणि माझ्याही हातात एक बांगडा ठेवला. "नको हो, मी कुठे ओढलं?" मी म्हटलं. ती म्हणाली, "दोरीक हात लावलंस मां, बाय? मगे ह्यो तुजो वाटो." मालकांनाही एकच मिळाला. पाहुण्यांच्या जेवणासाठी म्हणून त्यांनी बाजारातून आणखी मासळी मागवली नाही; आम्ही पाहुणे सोलकढी-भात पोटभर जेवलो. परवा आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारणीचं कपाट सगळे मिळून वर चढवत होते, मी नुसता एका कोपऱ्याला हात लावला. संध्याकाळी तिने वाटीभर शिरा आणून दिला. मी नको म्हटलं नाही.