कपड्यांच्या दोरीवरची माटवी

तिरड्याच्या फुलांना हात लावला की बोटांना एक ओलसर, हिरवा, किंचित आंबूस वास लागतो, आणि साबणानेही तो लवकर सुटत नाही. भाद्रपद लागला की अंधेरी स्टेशनाबाहेर आरे कॉलनीच्या पाड्यांवरच्या बाया हा वास टोपल्यांत भरून आणतात. तिरडा, हरणं नावाची पिवळी फुलं, आगीच्या जिभेसारखी कळलावी, आणि वेलीसकट ओढून आणलेली कवंडळांची शेंदरी फळं! साकीनाक्याच्या कारखान्यातून सुटून, अंगाला रसायनांचा दर्प घेऊन मी त्या टोपल्यांवर वाकतो, तेव्हा या शहराने आपल्या कुशीत एवढे रान अजून कसे सांभाळून ठेवले असेल, याचे मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटते.

आमच्याकडे, म्हणजे कुडाळच्या बाजूला, ही रानफळे गणपतीच्या डोक्यावर बांधतात. लाकडी पट्ट्यांची एक चौकट असते, ती देवाच्या वर आढ्याला आडवी टांगायची आणि तिला आंब्याचे टाळे म्हणजे पानांच्या डहाळ्या, नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, कवंडळे असे त्या ऋतूत जे जे पिकले असेल ते सारे बांधायचे. तिला माटवी म्हणतात. मूर्तीभोवती आरास नसली तरी चालते, पण माटवीशिवाय गणपती आमच्या लोकांना बोडका वाटतो. घरातला कर्ता पुरुष ती बांधतो, आणि आमच्या घरी ती माझे वडील बांधत. मी शाळेतून येई तेव्हा ते आढ्याखाली शिडीवर उभे असत. खाली उभे राहून त्यांच्या हाती एकेक फळ देताना मला ते फार उंच वाटत, जणू वरच्या त्या फळांच्याच राज्यातले कोणी.

त्यांनी मला कॉलेजपर्यंत शिकवले. आमच्या घरात बी.एस्सी. होऊन पदवी घेणारा मी पहिला. त्या पदवीने मला नोकरी दिली, नोकरीने दहिसरला एका खोलीचे आणि स्वयंपाकघराचे घर दिले, आणि बाबांना चक्कर येऊ लागली तेव्हा त्या घरात मी आईबाबांना घेऊन आलो. त्यांच्याबरोबर गणपतीही आला. गावचे घर बंद झाले. आईबाबा, मी आणि बायको अशी चार माणसे, एक खाट, एक टेबल, आणि त्या टेबलावरच देव! पहिल्या वर्षी बाबांनी छताला खिळे ठोकून घेतले आणि स्टुलावर चढून माटवी बांधायला घेतली. अर्ध्यावर त्यांना चक्कर आली. ते पडले ते खाटेवर म्हणून निभावले. डॉक्टरांनी बजावले, यापुढे कशावरही चढायचे नाही.

दुसऱ्या वर्षी मी काय केले असेल? मोठ्या उत्साहाने थर्मोकोलचे मखर आणले. पांढरेशुभ्र, कोरीव खांबांचे, घडी घालून खाटेखाली ठेवता येणारे. लहान घरात, वयस्क माणसांना, याहून सोयीचे काय असणार? बाबांनी ते हातात घेऊन पाहिले. म्हणाले, "बरा आसा. हलका आसा." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. बाबा एखाद्या वस्तूत खोट काढतात तेव्हा ती त्यांना आवडलेली असते. इथे तर ते नुसते बरे म्हणाले होते.

संध्याकाळी ते उठून बसले आणि शांतपणे म्हणाले, "चतुर्थेक मी गावाक जातंय. घर उघडतंय. एकटोच जातंय, तुमी हय करा काय ता. आणि बरा वाटला तर ऱ्हवतंय थयच."

"एकटे? आणि पडलात तर उचलतलो कोण? गडगो?" आई म्हणाली. गावच्या घराभोवती आता त्या दगडी गडग्याच्या कुंपणाखेरीज कोणी नव्हते.

"मगे हय काय करू? पाव्हण्यासारखो बसान बघू?"

मी म्हणालो, बाबा, मी बांधतो ना माटवी, तुम्ही सांगा तशी बांधतो. ते माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते सोसवेना. मला तेव्हा कळले की मी त्यांना औषधे दिली, खाट दिली, पंख्याखालची जागा दिली, आणि हे सारे देता देता घरात त्यांच्या हाताने होण्यासारखे काहीच उरू दिले नाही. म्हातारपणी माणसाला काय हवे असते? आपण विश्रांती म्हणतो. पण ज्या हातांनी जन्मभर सणाला आकार दिला, त्यांना सणाच्याच दिवशी मांडीवर ठेवून बसणे ही विश्रांती म्हणायची का? आणि रिकाम्या गावच्या घरात, शिडीवर, एकटे बाबा! ते चित्र डोळ्यांपुढून हलेना.

वाट सापडली ती आईला. आमच्या खोलीत खिडकीशी, अगदी त्या टेबलाच्या वर, कपडे वाळत घालायची दांडी आहे. मुंबईतल्या पुष्कळ घरांत असते तशी: छताला दोन कप्प्या, त्यांतून गेलेली दोरी, आणि दोरीला टांगलेला बांबू. दोरी सैल केली की बांबू कमरेपर्यंत खाली येतो, ओढली की छताला लागतो. आईचा खांदा आखडलेला, तरी घरातले सगळे कपडे तीच वाळत घालते. दुसऱ्या दिवशी ती आपले लुगडे त्या बांबूवर पसरत होती. पसरता पसरता थांबली, आणि बाबांकडे न बघताच म्हणाली, "आयकलात? माझी लुगडी रोज वर चढतत, ती काय मी स्टुलार चढान घालतंय?"

बाबांना उमगायला क्षण लागला. मग ते उसळलेच. "अगो, त्या दांडीर माझे लेंगे वाळतत! थय देवाची माटवी?"

"वाळतत ते धुतलेलेच मां? आणि दांडी काढून ठेवूया. दोरी काय लेंगे घालीत नाय."

माझी बायको सुनंदा मुलुंडची, पण एवढे मालवणी तिलाही कळले; तिने पदराआड हसू दाबले. बाबांनी उठून ती दोरी चिमटीत धरून पाहिली. अखेर म्हणाले, "दोरी नवी व्हयी." आणि माझ्या छातीवरचा एक धोंडा थोडासा सरकला.

साकीनाक्याच्या एका सुताराकडून मी चौकट करून आणली, गावच्या माटवीच्या निम्मी. बाबांनी तिच्यात लगेच खोट काढली, पट्ट्या तासलेल्या नाहीत म्हणाले, आणि मला केवढे बरे वाटले! नवी दोरी कप्प्यांत ओवली. तरी त्यांच्या मनात शंका होतीच. एवढे नारळ या कप्प्या पेलतील का? जुनाच बांबू नव्या दोरीला बांधून ते मला म्हणाले, "आधी तूच लोंबकळ बघूया."

मी बांबूला दोन्ही हातांनी धरून पाय उचलले.

"अहो, जपून! स्लॅब यायचा खाली," सुनंदा ओरडली.

स्लॅब आला नाही. बाबांनी कप्प्यांकडे डोळे बारीक करून पाहिले आणि निर्णय दिला, "बी.एस्सी. टिकलो, म्हणजे नारळ टिकतले."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी टेबल बाजूला सरकवले, बांबू काढला, चौकटीचे चारही कोपरे दोरीला बांधले आणि ती खाली आणली. बाबा खुर्चीवर बसले. चौकट त्यांच्या छातीशी आली होती, एखाद्या अभ्यासाच्या मेजासारखी. मी लहानपणी द्यायचो तशीच एकेक वस्तू त्यांच्या हाती देत गेलो. आंब्याच्या टाळ्यांची कड झाली. मधे नारळ आले. कवंडळे कोपऱ्यांत लोंबू लागली. मी त्यांची बोटे प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो! शिडीवर असताना ती मला कधी दिसलीच नव्हती. दोन पदरी गाठ मारून ते सुंभाचे टोक आत दडवतात, हे मला या वयात, या बारक्या खोलीत कळले.

"ओढ," ते म्हणाले. मी दोरी ओढली. कप्प्या कुरकुरल्या, आणि एक लहानसे हिरवे आभाळ डुलत डुलत आमच्या डोक्यावर गेले. आईने हात जोडले. बाबांनी मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "वायच खाली घे. ता कवंडळ उलटा लागला."

त्या दिवशी माटवी किती वेळा खाली आली आणि किती वेळा वर गेली, विचारू नका. गावी एकदा बांधलेली माटवी विसर्जनापर्यंत तशीच राहायची. शिडीवरून उतरल्यावर एखादे फळ वाकडे दिसले तर ते तसेच सोसावे लागे. इथे बाबांना खुर्चीवर बसल्या बसल्या सारे सुधारता येत होते, आणि त्या सुखाने ते अगदी हट्टी झाले होते. मोठ्या घराने त्यांना उंची दिली होती. पण हातातून सुटलेली चूक पुन्हा हातात आणून देण्याचे औदार्य आमच्या या एवढ्याशा खोलीत होते, हे मला तोवर कुठे ठाऊक होते?

गावाला जाऊन राहण्याचा विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि मीही विचारले नाही. विचारायचे धैर्यच नव्हते. चतुर्थीला मूर्ती आली, टेबलावर बसली, आरती झाली. सगळे निवल्यावर बाबा खुर्चीत मागे रेलले, डोळे किलकिले करून वर पाहत राहिले, आणि रोजच्याच कुरकुरीच्या सुरात म्हणाले, "चौकट पडद्याक लागता रे. फुडल्या वर्साक दोन बोटा आखूड कर."

सुनंदाच्या हातातले निरांजन थांबले. आई खाली मान घालून वाती वळत राहिली. मी "हो बाबा" म्हणालो, आणि त्यांनी मत बदलण्याच्या आत मोजपट्टी आणून, स्टुलावर चढून, त्यांच्यादेखत, ती दोन बोटे मोजून चौकटीवर पेन्सिलीने खूण करून टाकली.